मनातलं मनाला कळतं का?

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक संपली, हप्ते लिहून झाले, चहा आला, आणि एकीनं मोबाईलवर आलेला व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. दोन माणसं वेगवेगळ्या खोल्यांत बसलेली, एकाच्या डोक्यावर वायरींची टोपी, दुसऱ्याच्या डोक्याजवळ कसलंतरी यंत्र. खाली लिहिलेलं, की आता एकाच्या मनातलं थेट दुसऱ्याच्या मेंदूत जाणार, तोंड उघडायचीही गरज नाही. बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, "नको गं बाई, माझ्या मनातलं आमच्या घरात कळलं तर उद्याच मला माहेरची एसटी दाखवतील."

आमच्यातली एक मात्र हसली नाही. तिच्या सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. कळतं सगळं, पण सांगता येत नाही. सांगायला गेल्या की घशातून आवाज येतो आणि डोळ्यांतून पाणी. तिनं हळूच विचारलं, "आक्का, ह्या यंत्रानं आमच्या आत्याबाईंना काय म्हणायचंय ते मला कळेल का?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही तालुक्याच्या वाचनालयात गेलो, शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना बसवून विचारलं, त्यांनी दिलेलं वाचलं. आजचं बोलणं तिच्या प्रश्नासाठी आहे. थोडं लांबेल, कारण ही गोष्ट कालपरवाची नाही. शंभर वर्षांच्याही मागची आहे.

आपल्याकडे उचकी लागली की म्हणतात, कोणीतरी आठवण काढली. मग एकेकाचं नाव घ्यायचं, ज्या नावाला उचकी थांबेल त्यानं आठवण काढली असं धरायचं. सासरी नांदणाऱ्या बाईची उचकी बहुतेक वेळा आईच्या नावाला थांबते. जर्मनीत उचकीबद्दल काय म्हणतात कोण जाणे, पण या इतिहासाची सुरुवात तिथल्या एका बहिणीला अशीच भावाची आठवण येण्यातून झाली.

हान्स बर्गर हा एका डॉक्टरचा मुलगा. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला, विशीच्या आसपास असताना, तो सैन्यात शिकाऊ म्हणून गेला होता. एके दिवशी सरावात त्याचा घोडा उधळला आणि तो खाली पडला. पडला तो नेमका तोफेच्या गाड्याच्या वाटेत. चाक अंगावरून जायचं, तेवढ्यात गाडा थांबला. पोरगा वाचला. त्याच संध्याकाळी घरून वडिलांची तार आली, तू बरा आहेस ना म्हणून. वडिलांनी आधी कधी अशी तार केली नव्हती. झालं असं, की लांब घरी असलेल्या त्याच्या बहिणीला एकाएकी वाटलं, भावाला काहीतरी झालंय. तिनं हट्टच धरला, म्हणून वडिलांनी तार केली.

बर्गरच्या मनातून ती तार कधी गेली नाही. हे त्यानं उतारवयात लिहून ठेवलं आहे. त्याला वाटलं, मरणाच्या भीतीनं माझ्या मेंदूतून काहीतरी निघालं आणि माझ्यावर जीव असलेल्या बहिणीला ते पोचलं. ते काहीतरी म्हणजे काय, हे शोधायला तो मनाच्या आजारांचा डॉक्टर झाला. येना नावाच्या गावातल्या दवाखान्यात तो प्रमुख होता, पण हे शोधाचं काम तो गुपचूप करायचा. प्राण्यांच्या मेंदूत वीज असते हे इंग्लंडमधल्या रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्ये सांगितलं होतं. माणसाच्या मेंदूची वीज कागदावर कोणी उतरवली नव्हती. बर्गरनं ती १९२४ मध्ये उतरवली. पुढे स्वतःच्या मुलाच्या डोक्यालाही तारा लावून नोंदी घेतल्या. पाच वर्षं कोणाला सांगितलं नाही, १९२९ मध्ये छापलं. लोकांचा विश्वास बसेना. १९३४ मध्ये इंग्लंडच्या एड्गर एड्रियन या नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञानं तोच प्रयोग करून दाखवला, तेव्हा जगानं मानलं.

बर्गरला दिसलं काय? डोळे मिटून स्वस्थ बसलं की मेंदूच्या विजेची सेकंदाला साधारण दहा लाटांची एक संथ लय दिसते. डोळे उघडले की ती मोडते. आज आपल्या जिल्ह्याच्या दवाखान्यात फिट येणाऱ्या पोराचा 'ईईजी' काढतात ना, डोक्याला चिकट लावून, वायरी जोडून, तो बर्गरचाच शोध.

पण बहिणीच्या तारेचं कोडं काही सुटलं नाही. टॉर्चच्या सेलमध्ये दीड व्होल्ट असतात. डोक्याच्या कातडीवर मिळणारी ही वीज त्याच्या तीस हजाराव्या भागाच्या आसपास. एवढीशी लाट एका गावाहून दुसऱ्या गावाला काय जाणार? हे बर्गरलाही कळलं होतं. दुसरं असं, की ती लाट म्हणजे विचार नव्हे. लग्नाच्या मांडवाबाहेर उभं राहिलं की आतला गलका ऐकू येतो. अक्षता पडल्या की जेवणं चालू आहेत एवढं ओळखता येतं. पण आत विहीणबाई व्याह्यांच्या कानात काय बोलल्या, ते बाहेरून कळत नाही. कवटीबाहेरून मेंदू ऐकणं हे असं आहे.

बर्गरची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं आम्हाला बरं वाटत नाही. १९३३ मध्ये नाझी सरकारनं कायदा केला, की ज्यांना ते वेडे किंवा दुबळे ठरवतील त्यांची जबरदस्तीनं नसबंदी करायची. साधारण चार लाख बायामाणसांची अशी नसबंदी झाली. ज्या न्यायालयांतून हे हुकूम निघत, तशा एका न्यायालयाच्या कामात बर्गर सामील होता, हे इतिहासकारांनी कागदपत्रांतून दाखवलं आहे. आपल्या मनातलं बहिणीला कसं कळलं असेल यासाठी जन्म घालवलेला माणूस, आणि समोर उभ्या असलेल्या बाईला हे नको आहे एवढं त्याला दिसलं नाही. आम्ही हे वाचलं तेव्हा वाचनालयात बराच वेळ कोणी बोललं नाही.

यानंतर काही लोकांना मेंदूचं नुसतं ऐकण्यात समाधान वाटेना, त्यांना हुकूम द्यायचा होता. स्पेनहून अमेरिकेत गेलेले होसे देल्गादो नावाचे शास्त्रज्ञ होते. १९६३ मध्ये स्पेनमधल्या कोर्दोबा गावाजवळ ते एका झुंजीच्या बैलापुढे मैदानात उभे राहिले. बैलाच्या मेंदूत आधीच तारा बसवल्या होत्या, देल्गादोंच्या हातात रेडिओचं बटण होतं. बैल अंगावर धावून आला, त्यांनी बटण दाबलं, बैल थबकला. आपण वेसण नाकात घालतो, यांनी ती मेंदूत घातली. पुढे जगभरच्या वर्तमानपत्रांत फोटो आले. काही शास्त्रज्ञ मात्र म्हणाले, की बैलाचा राग वगैरे काही शांत झाला नाही, विजेच्या झटक्यानं त्याचं अंग एका बाजूला वळलं इतकंच. आमच्यातली जिच्या दारात खिल्लारी जोडी आहे ती म्हणाली, "माझा बैल नुसत्या हाकेला थांबतो, त्याला तार कशाला?" असो.

१९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड इथं अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळं यंत्र केलं. डोक्याजवळ तारेचं वेटोळं धरायचं, त्यातून क्षणभर जोरदार चुंबकशक्ती सोडायची. कातडीला ओरखडा नाही, पण आत मेंदूचा तेवढा भाग जागा होतो. हाताच्या भागावर धरलं तर बोट उडतं. डोक्याच्या मागच्या बाजूला धरलं तर मिटल्या डोळ्यांपुढे प्रकाशाचा ठिपका चमकतो. मेंदूचं ऐकायला बर्गरची टोपी होतीच, आता मेंदूला सांगायला चुंबक मिळालं. आमच्या बैठकीत दाखवलेल्या व्हिडिओतली दोन यंत्रं म्हणजे हीच दोन.

ती दोन्ही एकत्र येण्याआधी एका नवराबायकोनं एक धाडस केलं. ही गोष्ट आम्हाला सगळ्यांत जास्त आवडली. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात तेव्हा केव्हिन वॉरिक नावाचे प्राध्यापक होते. १४ मार्च २००२ रोजी त्यांनी आपल्या डाव्या मनगटाजवळ शस्त्रक्रिया करून घेतली आणि हाताच्या मुख्य नसेत शंभर बारीक सुयांचा एक तुकडा बसवून घेतला. धडधाकट माणूस, आजार काही नाही, केवळ प्रयोगासाठी. नंतर त्यांच्या पत्नी इरीना यांनीही आपल्या हाताच्या नसेत सुईसारख्या तारा घालून घेतल्या. मग दोघांचे हात कॉम्प्युटरमधून जोडले. इरीनानं मूठ मिटली, की केव्हिनना आपल्या नसेत एक ठोका जाणवायचा. दोनदा मिटली की दोन ठोके. यात मेंदूला हात लावलेला नव्हता, हाताच्या नसेचंच काम होतं. तरीही दोन माणसांच्या नसांमध्ये विजेनं झालेला हा पहिला निरोप.

बातम्यांत नाव प्राध्यापकांचं झालं. सुई तर तिनंही टोचून घेतली होती, आणि मूठ मिटायची की नाही हे तिच्या हातात होतं. पंचवीस-तीस वर्षं संसार केलेल्या आमच्यातल्या काहीजणी म्हणाल्या, आमच्या हातावर काय चाललंय ते घरात जाणवायला एवढी शस्त्रक्रिया लागत असेल तर अवघडच आहे.

२०१३ मध्ये दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. अमेरिकेत मिगेल निकोलेलिस यांच्या चमूनं दोन उंदरांचे मेंदू तारांनी जोडले. एका उंदरानं शिकलेली खूण दुसऱ्याच्या मेंदूत पाठवली आणि दुसऱ्यानं दहातल्या सहा-सात वेळा बरोबर दांडा दाबला. एकदा तर पाठवणारा उंदीर ब्राझीलमध्ये आणि घेणारा अमेरिकेत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिएटल शहरात माणसांवर प्रयोग झाला. आपल्या चेन्नईचे राजेश राव एका खोलीत टोपी घालून कॉम्प्युटरवर तोफेचा खेळ बघत होते. त्यांनी हात हलवला नाही, उजवा हात हलवतोय असं फक्त मनात आणलं. विद्यापीठाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचे सहकारी आंद्रेआ स्टोको चुंबक लावून पाठमोरे बसले होते. त्यांचं बोट आपोआप उडालं आणि बटण दाबलं गेलं.

या कामात स्टोकोंच्या पत्नी शांतेल प्राट याही होत्या, त्या स्वतः शास्त्रज्ञ. लोक घाबरतील हे ओळखून त्यांनी तेव्हाच सांगितलं, की कोणाला नकळत किंवा त्याच्या मर्जीविरुद्ध हे यंत्र वापरता येणार नाही. टोपी घालून, डोकं न हलवता तासभर बसायला माणूस स्वतःहूनच तयार असावा लागतो.

आता आपल्या देशातली गोष्ट. मार्च २०१४. केरळातल्या तिरुवनंतपुरमला एक माणूस टोपी घालून बसला आणि फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला दुसरा चुंबकाखाली. शब्द पाठवायचे होते 'ओला' आणि 'चाओ', म्हणजे स्पॅनिश आणि इटालियन भाषेतला नमस्कार. पाठवले कसे, ते ऐका. आपल्याकडे फोनचे पैसे वाचवायला मिस कॉलच्या खुणा असायच्या. एक मिस कॉल म्हणजे पोचले, दोन म्हणजे गाडी चुकली. तसंच हे. पाठवणाऱ्यानं हात हलवल्याचं मनात आणलं तर 'हो', पाय हलवल्याचं मनात आणलं तर 'नाही'. टोपीनं ते ओळखलं, इंटरनेटनं पोचवलं. तिकडे 'हो' असेल तर मिटल्या डोळ्यांपुढे ठिपका चमकला, 'नाही' असेल तर अंधारच राहिला. एका अक्षराला अशा पाच खुणा. मिनिटाला दोन-तीन खुणाच जायच्या. चूक होऊ नये म्हणून तोच शब्द परत परत पाठवला. एका नमस्काराला एक तासाच्या आसपास लागला. आणि ठिपके बघणाऱ्याच्या मनात नमस्कार काही उमटला नाही. त्याला दिसले ते ठिपके. ते मोजून, जुळवून, मग शब्द लावायचा.

म्हणजे मैत्रिणींनो, व्हिडिओत सांगतात तसं मनातलं मनात गेलेलं नाही. हो किंवा नाही गेलं. तेही दोघांनी आधी ठरवलं होतं म्हणून. सिएटलच्या लोकांनी पुढे २०१५ मध्ये याच हो-नाहीवर ओळखा-पाहूचा खेळ खेळवला, आणि २०१९ मध्ये तीन माणसं जोडली, दोघं सांगणारी आणि एक करणारी. त्यात सांगणाऱ्या दोघांपैकी एकाचा निरोप शास्त्रज्ञांनी मुद्दाम बिघडवल्यावर कोणाचं ऐकायचं हे तिसऱ्याला हळूहळू उमगलं. म्हणजे अक्कल ज्याची त्यालाच वापरावी लागली.

मग अर्धांगवायूच्या माणसाचं काय? तिथं खरं काम झालं आहे, पण ते एका मेंदूचं आणि कॉम्प्युटरचं, दोन मेंदूंचं नव्हे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ५८ वर्षांच्या एका बाईची बातमी आली. झटका येऊन तिला जवळजवळ पंधरा वर्षं झाली होती, मानेखालचं अंग लुळं. तिच्या मेंदूत छोटा तुकडा बसवला होता. तिनं मनात आणलं, बाजूच्या यंत्राच्या हातानं बाटली उचलली आणि नळीनं तिला कॉफी पाजली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या कोणाच्या हातून नव्हे. २०२३ मध्ये तिथंच आणखी एका बाईला, झटक्यानंतर अठरा वर्षांनी, कॉम्प्युटरमधून बोलता आलं. मेंदूवर २५३ तारांचं पातळ पान ठेवलं होतं. मिनिटाला ७८ शब्दांपर्यंत वेग गेला. कॉम्प्युटरचा आवाज तिच्यासारखा हवा, तर तो कुठून आणायचा? तिच्या लग्नाचा व्हिडिओ घरात होता. त्यात ती बोलली होती. त्या आवाजावरून तिचा आवाज घडवला.

हे यंत्र बाजारात नाही, आपल्या तालुक्यात तर नाहीच. कवटी उघडावी लागते, आणि ते शिकवायला डॉक्टरांना आणि तिला, दोघांनाही कित्येक आठवडे बसावं लागतं. हे आम्ही आमच्या मैत्रिणीला स्पष्ट सांगितलं.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, ती पुण्याची. २००८ मध्ये पुण्यातल्या न्यायालयानं एका तरुणीला खुनाच्या खटल्यात जन्मठेप दिली. पुराव्यांत एक होता मेंदूची चाचणी. डोक्यावर तारांची टोपी, ती गप्प बसलेली, आणि शेजारी घटनेची वाक्यं वाचून दाखवायची. टोपीतल्या लाटांवरून यंत्र म्हणालं, हिला हे अनुभवानं माहीत आहे. बर्गरच्याच त्या लाटा. मांडवाबाहेरून ऐकलेल्या गलक्यावरून आतल्या बाईनं काय केलं ते ठरवायचं, असं ते होतं. पुढे तिला जामीन मिळाला. आणि ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सांगितलं, की नार्को, खोटं पकडण्याचं यंत्र किंवा मेंदूची चाचणी, यातलं काहीही माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही. पोलिसांनाही नाही. खटल्याला जिचं नाव आहे ती सेल्वी बाईमाणूसच. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशानं तर २०२१ मध्ये मेंदूतली माहिती जपण्याची गोष्ट थेट राज्यघटनेत लिहिली. आमचं मत विचाराल तर आपल्याकडेही ते लिहून यायला हवं. टोप्या स्वस्त होत चालल्या आहेत, आणि स्वस्त झालेली वस्तू सगळ्यांत आधी कोणाच्या डोक्यावर जबरदस्तीनं बसते, ते आपल्याला चांगलं माहीत आहे.

हे सगळं वाचून आम्ही चौघीजणी मैत्रिणीच्या घरी गेलो. यंत्र नाही तर नाही, हो आणि नाही तर आहे ना. आत्याबाईंच्या पापण्या हलतात. ठरवलं, एकदा पापणी मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. त्या शाळेत गेलेल्या नाहीत, म्हणून अक्षरांऐवजी पुठ्ठ्यावर चित्रं काढली. पाणी, दुखणं, कूस बदलणं, माणसं, घर. एकेका चित्रावर बोट ठेवत गेलो. दुखतंय का? नाही. भूक? नाही. कोणाला बोलवू? नाही. घराच्या चित्रावर डोळे थांबले. छत गळतंय? नाही. चूल? नाही. दार? हो. दार लावू? नाही, नाही. तासाभरानं कळलं. खाट फिरवायची होती. दोन वर्षं त्यांचं तोंड भिंतीकडे होतं, आणि त्यांना दारातून अंगण, शेळ्या, येणारंजाणारं दिसायला हवं होतं.

खाट फिरवली. मग आम्ही विचारलं, आत्याबाई, रेडिओवर तुमचं सांगू का? बराच वेळ बघत राहिल्या. दोनदा पापणी. आम्ही परत विचारलं, नाव न घेता सांगू का?

एकदा.